मुंबईतली आडबाजूची ठिकाणं : कसं जावं, कधी जावं, काय बघावं

पायवाट

गेटवे, घारापुरी, हाजी अली, मरीन ड्राइव्ह यांची माहिती कुठेही मिळते, म्हणून हा धागा त्यांच्यासाठी नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी, शिलाहार राजांच्या काळातले वीरगळ (लढाईत मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळा), पोर्तुगीज आणि मराठ्यांच्या धास्तीने इंग्रजांनी बांधलेले किल्ले, अठराव्या शतकातलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) हे सगळं याच शहरात आहे. लोकल किंवा मेट्रोच्या स्टेशनापासून चालत नाहीतर रिक्षाने पोहोचता येतं. तरी तिथे बाहेरचं माणूस क्वचित दिसतं.

विनंती एवढीच की नुसती नावं टाकू नका. कुठल्या स्टेशनला उतरायचं, कधी जायचं, तिथे नजर कुठे लावायची आणि कशामुळे चक्कर फुकट जाते, ते लिहा.

सुरुवात एका गोष्टीने करतो. सकाळी कुलाबा, दुपारी बोरिवली असा बेत आखला की निम्मा दिवस गाडीत जातो. एका दिवसाला एकच पट्टा घ्यावा. रविवारी निघणार असाल तर शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून घ्या. हार्बरवर ब्लॉक असेल तर शिवडी, डॉकयार्ड रोड, मस्जिद हा पट्टा त्या दिवशी सोडूनच द्यावा.

शिळालेख

पश्चिम उपनगरातला पट्टा लिहितो. मेट्रो २अ आणि ७ या मार्गिका दहिसर पूर्वेला मिळतात, त्यामुळे अंधेरीपासून निघून अंधेरीलाच परत येणारा फेरा होतो. अंधेरी पश्चिमेहून २अ ने एकसर, मग मंडपेश्वर, तिथून दहिसर पूर्व आणि ७ ने खाली जोगेश्वरी पूर्व. शेवट गुंदवलीला. सकाळी साडेआठला एकसरला उतरलात तर दुपारी दोनपर्यंत सगळं नीट बघून होतं.

एकसरचे वीरगळ हे या फेऱ्यातलं सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं ठिकाण. सहा शिळा आहेत, शिलाहारकालीन. वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव आहेत, पण इथल्या शिळांवर समुद्रातली लढाई कोरली आहे. ओळीने वल्ही लावलेल्या नौका, त्यांवर धनुर्धारी, पाण्यात पडणारी माणसं असं दृश्य इतरत्र फार थोड्या ठिकाणी दिसतं. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या युद्धाशी काही अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या पट्टीत लढाई आणि वीराचं मरण, मधल्या पट्ट्यांत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर कलश. एकसरला सगळं महत्त्वाचं खालच्या पट्ट्यांत आहे, आणि त्याच जास्त झिजल्या आहेत. भर दुपारी वरून ऊन आलं की कोरीव काम सपाट दिसतं आणि माणसं "काही दिसत नाही" म्हणून परततात. सकाळचं तिरपं ऊन हवं. ते नसेल तर मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता शिळेच्या कडेशी, जवळजवळ समांतर धरा. सावल्या पडल्या की वल्ही मोजता येतात. हीच युक्ती शिलालेखांनाही लागू आहे. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पावडर, तेल किंवा पाणी मात्र कधीही लावू नका. त्याने दगडाचं नुकसान होतं आणि पुढच्या वाचणाऱ्याचा घोटाळा होतो.

स्टेशनावरून "वीरगळ कुठे" असं विचारलं तर फारसं कुणी सांगणार नाही. एकसर गावठाण विचारत जा आणि तिथे जुन्या कोरीव दगडांबद्दल विचारा. स्थानिक लोक त्यांची पूजा करतात, तेव्हा चपला बाहेर काढाव्यात.

पुढचंच स्टेशन मंडपेश्वर. सहाव्या शतकातली शैव लेणी. आत नटराजाचा मोठा पट आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचा प्रार्थनेसाठी वापर केला आणि माथ्यावर मठ आणि चर्च उभं केलं. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. जुनं कोरीव काम छिलून तिथे कोरलेला मोठा क्रूस भिंतीवर स्पष्ट दिसतो. बहुतेक लोक गाभारा बघून निघतात आणि हा क्रूसही बघत नाहीत, वरचे अवशेषही बघत नाहीत. लेण्याच्या बाहेरून वर नजर टाका: खाली कातळ आणि त्याच्यावर पोर्तुगीजांची बांधीव भिंत.

जोगेश्वरी लेणं घारापुरीच्या आधीचं मानलं जातं, सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. पायऱ्या उतरून आत जायचं. वीस खांबांचा चौरस मंडप, मध्ये गाभारा. देवीची रोज पूजा होते, त्यामुळे नवरात्रात आणि महाशिवरात्रीला लेणं "बघायला" जाऊ नये, दर्शनाला जावं. पावसाळ्यात छतातून पाणी झिरपतं आणि जमीन निसरडी होते. अनवाणी चालायचं असल्याने हे आधीच लक्षात ठेवा. दाराच्या चौकटींवरचं आणि खांबांवरचं कोरीव काम बरंच झिजलंय, कारण हा दगड म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा आणि तुकड्यांचा मिळून झालेला भरड खडक. तो पाणी धरतो आणि थरांनी सुटतो.

स्वातीनक्षत्र

महाकाली लेणी या फेऱ्यात का नाहीत? तीही अंधेरीलाच आहेत ना?

शिळालेख

आहेत, पण ती वेगळी ठेवावीत. फेऱ्याच्या शेवटी थकलेल्या पायांनी उरकण्याचं ते ठिकाण नाही.

कोंडिविटे किंवा महाकाली ही एकोणीस बौद्ध लेणी. सुरुवात इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास, आणि सहाव्या शतकापर्यंत भर पडत गेली. अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून महाकाली लेणीची बस मिळते. मेट्रो ३ ने आलात तर सीप्झला उतरून रिक्षा. तिकीट नाही.

वेळ कमी असेल तर थेट नऊ क्रमांकाच्या लेण्यात जा. कार्ले, कान्हेरीला स्तूप उघड्या चैत्यगृहाच्या टोकाला असतो. इथे स्तूपाभोवती कातळातच एक गोल खोली कोरून काढली आहे, तिला दार आहे आणि दोन बाजूंना दगडी जाळीच्या खिडक्या. गवताने शाकारलेल्या गोल झोपडीची ती दगडातली प्रतिकृती. असा आराखडा बिहारमधल्या बराबर टेकड्यांवरच्या लेण्यांत दिसतो. पश्चिम भारतात तो दुर्मिळ आहे. जाळीच्या खिडकीजवळ ब्राह्मी लिपीतला दानलेख आहे, आणि बाजूच्या भिंतीवरच्या बुद्धमूर्ती नंतरच्या काळातल्या. म्हणजे एकाच खोलीत पाचसहाशे वर्षांची दोन टोकं आहेत.

खालच्या बाजूची लेणी टाळून फक्त वरची बघण्याची चूक बरेच जण करतात. टेकडीच्या दोन्ही अंगांना लेणी आहेत, पूर्ण वळसा घालायला दीड तास ठेवा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, साध्या कॅमेऱ्याला कुणी अडवत नाही.

पायवाट

अंधेरीलाच गिल्बर्ट हिल जोडता येईल, पण पश्चिमेला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट, उंची सुमारे ६० मीटर, उभ्या खांबांच्या जुडीसारखा. लाव्हा सावकाश थंड होताना आक्रसतो, त्याला भेगा पडतात आणि असे बहुभुज स्तंभ तयार होतात.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. लोक पायऱ्या चढून माथ्यावरच्या गावदेवीच्या देवळात जातात, वरून शहर बघतात आणि उतरतात. वर उभं राहून स्तंभ दिसतच नाहीत! ते खालून, वस्तीच्या बाजूने मान वर करून बघायचे. आधी खालून वळसा, मग पायऱ्या. कड्याला खेटून उभं राहू नका, सुटे तुकडे पडतात.

चुनाभट्टी

किल्ल्यांबद्दल लिहितो, कारण ते एकेक करून बघितले तर पडक्या भिंतींपलीकडे हाती काही लागत नाही. सगळे मिळून एक रांग आहे, ती रांग बघायची.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईची बेटं इंग्रजांकडे आली, पण खाडीपलीकडची साष्टी (आज उपनगरं आहेत ते बेट) पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणून खाडीच्या काठाने पहारे बसवले गेले: माहीमला, शीवला, पूर्वेला शिवडीला आणि माझगावला. शीवचा किल्ला गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळातला, १६६९ ते १६७७ मधला. शिवडीचा १६८० चा. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये वसई. इंग्रजांच्या दृष्टीने खाडीपलीकडचा शेजारी एकाएकी फार बलवान झाला. धारावीच्या काळ्या किल्ल्यावरचा दगड बघा: गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने बांधला, साल १७३७. वर्ष जुळतं ते उगाच नाही. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली आणि ही सगळी रांग निकामी झाली. म्हणून ती पडकी आहे. इथे मोठ्या लढाया शोधू नका.

गंमत म्हणजे ही हद्द अजून जिवंत आहे. रिक्षा शीव आणि माहीमच्या अलीकडे थांबते, पुढे टॅक्सी. जुन्या बेटाची सीमा जवळपास तीच.

आता प्रत्यक्ष कसं जायचं. शीव स्टेशनला पूर्वेला उतरा, किल्ल्याची टेकडी चालत दहा मिनिटांवर आहे. खाली नेहरू उद्यान आहे. तटबंदी आणि खोल्या पडक्या आहेत, पण वर गेल्यावर चारही दिशांना बघा, म्हणजे टेकडी का निवडली ते कळतं: उत्तरेला आणि पूर्वेला एके काळी मिठागरं आणि खाडी होती. पावसाळ्यात शेवाळामुळे पायऱ्या घातक होतात. अंधार पडायच्या आत उतरा.

काळा किल्ला शीव-वांद्रे लिंक रोडला, त्याच नावाच्या बस डेपोच्या मागच्या बाजूला आहे. या किल्ल्याला दारच नाही. आत शिडीने उतरत. आज भोवती दाट वस्ती आणि कचरा आहे. आत शिरायच्या खटपटी करू नका, बाहेरून तटाचा तिकोनी आकार आणि तो कोरीव दगड बघितला की पुरे. लोक राहतात तिथे, घरांचे फोटो काढू नयेत. त्याच रस्त्यावर मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकर, पूर्वीच्या कचराभूमीवर उभं केलेलं जंगल. किल्ल्यानंतर सावलीत बसायला आणि फुलपाखरं बघायला याच्यासारखी जागा नाही.

वरळीचा किल्ला कोळीवाड्याच्या टोकाला. कोळीवाड्यातून चालत जाणं हाच मुख्य भाग. सुकत घातलेली मासळी आणि जाळी ओलांडू नका, बाजूने जा.

ओहोटी

शिवडीचा किल्ला बघायला जाणार असाल तर फ्लेमिंगोंचा मोसम गाठा, डिसेंबर ते एप्रिल. किल्ला आणि चिखलाची पट्टी एकमेकांना लागून आहेत. शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरायचं. पण अटल सेतूचं टोक तिथेच आल्यापासून जेट्टीकडचा परिसर बदलला आहे, शिवाय तो बंदराच्या हद्दीत येतो. सुरक्षारक्षकाने अडवलं तर वाद घालू नका.

पक्षी दिसतील की नाही ते घड्याळावर नाही, भरतीवर ठरतं. पूर्ण ओहोटीला पक्षी पाण्याबरोबर दूर जातात आणि गुलाबी ठिपके तेवढे दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून दुसरीकडे बसतात. मधली वेळ साधायची, भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास.

भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब मुंबईला बरोबर लागू पडतो: तिथीच्या पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. दिवसातून दोनदा भरती येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून नेमकी वेळ तक्त्यावरून ताडून घ्या, पण कुठली तारीख धरायची हे कॅलेंडरवरून घरबसल्या ठरतं. सकाळी जायचं तर एकादशी, द्वादशी उत्तम. आठ-नऊला भरती, साडेदहापासून चिखल उघडा पडू लागतो आणि पक्षी काठाजवळ असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा फरक कमी.

खाडीत होडीतून बघायचं तर ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र. तिथल्या होडीच्या वेळाही भरतीवरच असतात, कारण ओहोटीला होडी चिखलात रुतते. आधी नोंदणी केल्याशिवाय जाऊ नये, मोसमात शनिवार-रविवार भरलेले असतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

मस्जिदबंदर

दक्षिणेकडचा एक पट्टा माझ्याकडून. मस्जिद ते डॉकयार्ड रोड, रविवारी सकाळी. आठवड्याच्या इतर दिवशी या गल्ल्यांत हातगाड्या आणि माथाडी यांतून वाट काढताना बघायला उसंत मिळत नाही, आणि उगाच त्यांच्या कामात अडथळा होतो. मुख्य मार्गाने येत असाल तर धीमी गाडी पकडा, जलद मस्जिदला थांबत नाही.

सॅम्युअल स्ट्रीटवरचं शार हारहमीम हे मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, १७९६ चं. बांधणारे समाजी हसाजी दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी ते बांधल्याचं सांगतात. मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं हे प्रार्थनास्थळ, आपल्या शहराच्या इतिहासात त्याची आठवण फार कमी काढली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, तेव्हा पर्यटक म्हणून जाऊ नये. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. पुरुषांनी डोकं झाकावं, रुमाल चालतो.

तिथून जवळच भात बाजारात केशवजी नाईक यांचं १८७६ चं कारंजं आणि घड्याळाचा मनोरा. माणसांना आणि जनावरांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. त्याची नीट दुरुस्ती झाली आहे.

मग हार्बरने डॉकयार्ड रोड. स्टेशनाजवळच्या टेकडीवर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा, त्यांच्या नावाचं. माझगावचा किल्ला याच टेकडीवर होता, आणि आता भंडारवाडा जलाशय आहे. वरून गोदी दिसते. तिच्याकडे कॅमेरा रोखू नका, फोटो काढायला बंदी आहे. खाली उतरून मातारपाखाडीत फिरा, लाकडी जिने आणि सज्जे असलेली ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची) घरं आहेत. जवळच नवाब टँक रोडला सी यप कून हे चिनी देऊळ आहे, १९१९ चं, कँटनहून आलेल्या खलाशांनी स्थापन केलेलं. बाहेरून साधं घर वाटतं, म्हणून लोक समोरून निघून जातात. लाल दार ही खूण. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या चिनी देवाचं ठाणं आहे.

स्वातीनक्षत्र

मैलाच्या दगडांचा उल्लेख कुणी केला नाही. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल (१७१८) हा शून्य मैल धरून शहरात बेसाल्टचे दगड बसवले होते, त्यांवर रोमन अंक आहेत. काळबादेवीला आणि डॉ. आंबेडकर रोडच्या कडेला बघत चाललात तर सापडतात. फुटपाथ दर वेळी वर उचलला जात राहिल्याने काही दगड गळ्यापर्यंत गाडले गेले, म्हणून नजर गुडघ्याच्याही खाली ठेवा.

पायवाट

उत्तम! आणखी एक : आणिक डेपोतलं बेस्टचं संग्रहालय. जुनी तिकिटं, तिकीट छापायची यंत्रं, ट्रामचे नमुने. १९०७ ला विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली, तो सगळा काळ तिथे आहे. मुलांना घेऊन जावं. निघण्याआधी डेपोत फोन करून उघडं आहे का विचारा.

गोरखचिंच

आईबाबांना घेऊन जायचं आहे, दोघं सत्तरीचे, बाबांचे गुडघे दुखतात. वरच्यातलं काय झेपेल?

शिळालेख

एकसर आणि मंडपेश्वर झेपेल. दोन्ही मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आहे, पुढे रिक्षा, चढण जवळपास नाही. जोगेश्वरी, महाकाली, गिल्बर्ट हिल, शीव हे टाळा. चारही ठिकाणी पायऱ्या किंवा उंचसखल कातळ आहे आणि धरायला कठडा सगळीकडे नाही.

मस्जिदबंदर

माझगाव पट्ट्यात टेकडी सोडून मातारपाखाडी चालेल, वाट सपाट आहे. सिनेगॉगच्या बाजूला गर्दीमुळे टॅक्सी अगदी दारात पोहोचेल याची खात्री नाही.

त्यापेक्षा भायखळ्याला न्या. राणीची बाग लोक पेंग्विनसाठी बघतात, पण मूळ ती १८६२ पासूनची वनस्पतींची बाग. तुम्ही जे नाव घेतलं आहे ती आफ्रिकेतली गोरखचिंचही तिथे आहे, बुंध्याचा घेर बघून बाबा खूश होतील. लागूनच १८७२ चं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याच्या बाहेर मोकळ्यावर उभा असलेला दगडी हत्ती जरूर दाखवा. मूळचा घारापुरीचा. इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला तेव्हा उचलताना तो फुटला, नंतर तुकडे जोडून उभा केला. जवळ गेलं की सांधे दिसतात. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. सुट्टीच्या दिवशी बागेच्या तिकिटाला रांग लागते, म्हणून मंगळवार किंवा गुरुवारी सकाळी दहाला पोहोचा. भायखळा स्टेशनहून पूर्वेला बाहेर पडून टॅक्सी करा. अंतर थोडं असल्याने काही टॅक्सीवाले नाही म्हणतात, अशा वेळी त्याच रस्त्यावरून जाणारी बस मिळते.